उसने दिलेले चित्र

मागल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे एक छापील तक्ता भरण्यासाठी आला. एका मोठ्या शहरातील प्रदर्शनासाठी माझ्या घरातले वारली चित्र चार महिने उसने हवे होते. तक्त्यातला पहिला रकाना मालकाच्या नावाचा. दुसरा विम्यासाठी धरावयाच्या किमतीचा. मग लांबी, रुंदी, कागद की कापड, काच आहे की नाही, वाळवी लागली आहे काय, अशी चौकशी. चित्रकाराच्या नावाचा रकाना सातवा होता, आणि तेवढा एकच रकाना पाठवणाऱ्यांनी आधीच भरून धाडला होता. त्यात लिहिले होते : ‘पारंपरिक’.

हे चित्र मी १९८६ साली घेतले. तेव्हा मी नुकताच या भागातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागलो होतो. डहाणूच्या बाजूला एका पाड्यावर, चित्रकाराच्या अंगणात बसून मी ते विकत घेतले. त्याने चाळीस रुपये सांगितले, मी पन्नास दिले, आणि त्या दहा रुपयांच्या औदार्याची ऊब मला पुढे कित्येक वर्षे पुरली. आता किमतीच्या रकान्यात काय लिहावे, असे मी विचारले तेव्हा पलीकडून सहज उत्तर आले, ‘साठ हजार लिहा.’ १९८६ च्या पन्नास रुपयांची आजची किंमत भाववाढ धरूनही हजाराच्या आतच भरते. उरलेल्या एकोणसाठ हजारांसाठी मी काय केले? चित्र भिंतीवर टांगले आणि अडतीस-एकोणचाळीस वर्षे त्याच्याखाली बसून वर्तमानपत्र वाचले. शेतमालाच्या किमतीवर आणि दलालीवर जन्मभर व्याख्याने देणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच्याच दिवाणखान्यात हा हिशेब मांडावा, हा योग काही सुखाचा नव्हे.

माझ्या चित्राला किंमत आली ती मुळात दुसऱ्याच एका माणसामुळे. जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातील गंजाडचे. लहानपणी आई गेली, मुलाचे बोलणे थांबले आणि तो धुळीत बोटाने रेघा ओढू लागला, ही त्यांची हकीकत आता सर्वपरिचित आहे. १९७० नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामाच्या निमित्ताने या मुलखात आले. लग्नापुरते भिंतीवर उमटणारे आणि पुढे धुराने, ओलीने पुसून जाणारे चित्र त्यांनी कागदावर उतरवायला लावले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशे यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये ज्योतिंद्र जैन यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ज्या पाच लोककलावंतांना नावानिशी कलावंत म्हणून उभे केले, त्यांत मशे होते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या शेजारी, बरोबरीच्या नात्याने, त्यांची चित्रे मांडली गेली. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते वारले. १९७६ च्या पुरस्कारासोबत आश्वासन मिळालेला जमिनीचा तुकडा प्रत्यक्ष हाती यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला, ही बातमीही आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. कीर्ती विमानाने गेली आणि सात-बारा बैलगाडीने आला.

आता प्रश्न असा की, ही चित्रे आज आहेत कोठे? थोडी सरकारी संग्रहालयांत आहेत. परंतु परदेशातील आणि आपल्याकडील प्रदर्शनांची सूचिपत्रे चाळली, तर चित्राखाली वारंवार दोनच शब्द दिसतात : ‘खासगी संग्रह’. एर्वे पेर्द्रिओल या फ्रेंच संग्राहकाने १९९६ पासून भारतातील आदिवासी व लोककलावंतांची चित्रे जमवली, मशे यांच्यावर लिहिले आणि ड्युसेलडॉर्फचे ते प्रदर्शन घडवून आणण्यात पुढाकार घेतला. जपानमध्ये निगाता प्रांतातील तोकामाची येथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय उभारले आणि भारतातील चित्रकारांना तेथे बोलावून घेतले. मशेही तेथे जाऊन काम करून आले.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या वर्तुळात ‘संग्राहक’ म्हटले की सावकाराचाच दुसरा अवतार, असे मानण्याची घाई होते. ती घाई मला करावयाची नाही. शेणाने सारवलेल्या कागदावरचे तांदळाच्या पिठाचे चित्र कोकणच्या चार पावसाळ्यांत कसर आणि बुरशी खाऊन टाकतात. ज्या काळात आपल्या विद्यापीठांना, नगरपालिकांना, इतकेच काय, आपल्या पक्षकार्यालयांनाही या चित्रांत ‘शोभेच्या नक्षी’पलीकडे काही दिसले नाही, त्या काळात ज्यांनी पदरचे पैसे घालून ती विकत घेतली, कोरड्या जागी ठेवली आणि चित्रकाराचे नाव विचारून लिहून ठेवले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. माझा मुद्दा व्यक्तीच्या नियतीचा नाही. किंमत वाढते कशी आणि ती जाते कोणाच्या घरी, एवढाच आहे.

चित्रकार मरण पावला की त्याच्या चित्रांचा पुरवठा कायमचा गोठतो. भाताची किंमत चढली तर पुढल्या हंगामात शेतकरी जास्त भात लावील. मशे यांचे चित्र महागले म्हणून मशे आणखी एक चित्र काढू शकत नाहीत. तेव्हा पुढची सारी किंमत केवळ मागणीवर ठरते. आणि मागणी कशावर ठरते? या बाजारात माल वापरून पाहता येत नाही, मापता येत नाही. गिऱ्हाईक चित्राची पूर्वपीठिका पाहते : हे चित्र कोठे कोठे लागले, कोणत्या ग्रंथात छापले, कोणत्या संग्रहालयाने ते मागून घेतले. म्हणजे संग्राहक जेव्हा चित्र उसने देतो, तेव्हा तो भाडे घेत नसला तरी त्याच्या चित्रावर एक मोहोर उमटून परत येते. बांधाबांध, वाहतूक, विमा, पहारा, प्रकाशयोजना, जाणकाराचा लेख, सूचिपत्राची छपाई हा सगळा खर्च बहुतेक वेळा संग्रहालय करते, आणि ते सार्वजनिक असेल तर तो जनतेच्या पैशातून होतो. प्रदर्शन संपते, चित्र मालकाकडे जाते, आणि जनतेने केलेल्या खर्चाचे भांडवली मूल्य त्याच्या खात्यावर जमा होते. उसने देणे आणि विकत घेणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. दिलेल्या चित्राने नाव वाढते. नाव वाढण्यापूर्वी घेतलेली बाकीची चित्रे त्याच्याबरोबर वर चढतात.

बोईसरच्या माणसाला हे तत्त्व पुस्तकातून शिकवावे लागत नाही. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली, रेल्वे फलाटावरची गर्दी वाढली. रस्ता सरकारने केला, वीज सरकारने आणली, आणि ज्याने आधीच गवताच्या भावात वरकस जमीन घेऊन ठेवली होती, त्याचे नातू इमारतींचे मालक झाले. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी ज्यांची गावे गेली ते अक्करपट्टी आणि पोफरणचे लोक मात्र पुनर्वसनाच्या कागदांमागे धावत राहिले. मिलपासून हेन्री जॉर्जपर्यंतच्या अर्थशास्त्रज्ञांनी याला अनर्जित मूल्यवाढ म्हटले आहे. मालकाने काही केले नाही, समाजाने केले, आणि वाढ मालकाला मिळाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. ते नाटक आता किनाऱ्यावर पुन्हा लागणार आहे, आणि पुढच्या रांगेतली तिकिटे कोणी काढून ठेवली आहेत हे आपले कार्यकर्ते माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

परंतु जमिनीच्या बाबतीत कायद्याने निदान तत्त्व तरी मान्य केले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या १०२ व्या कलमानुसार, संपादित जमीन काहीही विकास न करता पाच वर्षांच्या आत चढ्या किमतीने हस्तांतरित झाली, तर वाढलेल्या किमतीचा ४० टक्के हिस्सा मूळ मालकांना वा त्यांच्या वारसांना द्यावा लागतो. ज्याच्याकडून वस्तू गेली त्याचा तिच्या पुढच्या किमतीशी संबंध संपत नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले. मग चित्राच्या बाबतीत ते का नसावे?

आश्चर्य म्हणजे तेही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम घातले गेले. चित्राची, शिल्पाची, रेखाटनाची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर मूळ कलावंताला अथवा त्याच्या वारसांना त्या विक्रीत वाटा मिळण्याचा हक्क आहे. कॉपीराइट आधीच दुसऱ्याला देऊन टाकला असला तरी हा हक्क शाबूत राहतो. वाटा किती, हे ठरवण्याचे काम कॉपीराइट मंडळाकडे होते. मात्र तो दहा टक्क्यांवर जाऊ नये. कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो, म्हणजे मशे यांच्या चित्रांच्या बाबतीत २०७८ अखेरपर्यंत. इतके स्वच्छ कलम क्वचित वाचायला मिळते. आणि तीस वर्षे ते कागदावरच पडून आहे. मंडळाचे काम २०१७ साली एका अपील मंडळाकडे गेले, २०२१ मध्ये ते अपील मंडळही बरखास्त झाले आणि प्रकरणे न्यायालयांच्या दारात येऊन पडली. गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आपल्याकडे आहेत. चित्रकारांसाठी तशी यंत्रणा उभी राहिलेली नाही. पुनर्विक्री झाल्याचे वारसांना कळवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर कोणी घालत नाही. गंजाडच्या वारसाने मुंबईतल्या बंद दालनात झालेला सौदा हुडकून काढावा, वकील लावावा आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या कोणत्या तरी हिश्श्यासाठी भांडावे, अशी अपेक्षा. वनहक्काच्या दाव्यासाठी तालुक्याला पंधरा खेपा घालणाऱ्या माणसाला हे सांगून पाहावे.

फ्रान्समध्ये हा हक्क १९२० साली आला. त्याच्या मागे मिले या चित्रकाराची गोष्ट नेहमी सांगितली जाते. शेतमजुरांची चित्रे काढणारा हा माणूस १८७५ साली मरण पावला. सायंप्रार्थनेसाठी शेतात थांबलेल्या जोडप्याचे त्याचे चित्र त्याने सुमारे हजार फ्रँकला दिले होते. १८८९ च्या लिलावात त्याला साडेपाच लाखांहून अधिक बोली लागली. ते पुढे एका धनाढ्य दुकानदार-संग्राहकाने विकत घेतले आणि आपल्या मृत्युपत्राने फ्रेंच राष्ट्राला दिले, हेही सांगितले पाहिजे. संग्राहकाच्या हातून असेही होते. पण आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन आले जवळपास त्याच सुमारास, १९७१ साली, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या या वस्तीवर जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तराने तेथील आदिवासी पुरुषांना रंग आणि फळ्या आणून दिल्या. जॉनी वारांगकुला या चित्रकाराने १९७२ मध्ये आपले एक चित्र १५० डॉलरला विकले. १९९७ मध्ये ते दोन लाखांवर आणि २००० मध्ये जवळजवळ पाच लाख डॉलरला गेले. चित्रकार तेव्हा जिवंत होता, म्हातारा होता, गरीब होता. त्यावर तेथे बराच गदारोळ झाला आणि २००९ साली कायदा झाला. २०१० पासून पुनर्विक्रीवर ५ टक्के रक्कम कलावंताला किंवा वारसाला द्यावी लागते आणि ती गोळा करून पोचवण्याचे काम नेमून दिलेली संस्था करते. कलम आपण त्यांच्या पंधरा वर्षे आधी केले. ते पोचवायचे कोणी, हे मात्र त्यांनी ठरवले.

शिवाय आंतरराष्ट्रीय व्यवहारात हा हक्क परस्परतेवर चालतो. आपला देश परकीय कलावंताला जो हक्क देतो, तोच त्या देशात आपल्या कलावंताला मागता येतो. मशे यांची चित्रे पॅरिसमध्ये विकली जात असतील, तर तेथे वाटा मागण्यासाठी भारतातले कलम जिवंत असले पाहिजे. दिल्लीतल्या निष्क्रियतेचा तोटा असा गंजाडपासून पॅरिसपर्यंत पसरतो.

यावर माझ्याच विषयातील काही मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, पुढच्या विक्रीत वाटा द्यावा लागणार हे ठाऊक असलेला खरेदीदार पहिल्याच खेपेला तितकी किंमत कमी देईल. म्हणजे नवोदित चित्रकाराचा तोटा आणि प्रसिद्ध चित्रकाराच्या वारसांचा फायदा. मुंबईतल्या दालनात करार करून चित्र विकणाऱ्या चित्रकाराच्या बाबतीत हे काही अंशी खरे असेल. पण माझा सौदा आठवा. १९८६ साली चाळीस रुपये ही किंमत त्या चित्राच्या भविष्यातल्या लौकिकाचा अंदाज घेऊन ठरली नव्हती. ती मिठामिरचीची आणि बसभाड्याची बेरीज होती. जेथे किंमत गरजेच्या तळाशीच टेकलेली असते, तेथे ती आणखी खाली जायला जागा नसते.

येथे जरा मागे जाणे भाग आहे, कारण या चित्राचा उगमच एका जुन्या हिशेबात आहे. वारली चित्राचे मूळ रूप म्हणजे लग्नाचा चौक. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघाट देवी, शेजारी पाचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते आणि त्यानंतर लग्न लागते. चौकाशिवाय लग्न नाही. आणि या जिल्ह्यात पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी लग्नाशिवाय गुलामीही नव्हती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावयाचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे. त्यांनाच लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. पक्षभेद बाजूला ठेवून आपण सर्वांनी ज्यांना वंदन केले पाहिजे अशा त्या बाईंनी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ साली झरीच्या सभेपासून जो लढा उभा केला, त्याने ही प्रथा मोडली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. पुढचा झगडा गवतकापणीच्या मजुरीचा होता : ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गवत येथे कापले जाई आणि त्याची किंमत मुंबईत ठरे. मजुरी मात्र पाड्यावरच्या भुकेने ठरे.

चौकाच्या भिंतीखाली एकेकाळी सावकाराचे कर्ज होते. आज त्याच चौकाच्या प्रतिमेवर कोणा दूरच्या मालकाची मूल्यवाढ उभी आहे. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळते. चित्र विकत घेणारा कोणालाही वेठीला धरत नाही. पण मालाची किंमत जेथे ठरते आणि मजुरी जेथे ठरते त्या दोन ठिकाणांमधले अंतर तेच आहे, आणि मधल्या अंतरात कोणी तरी श्रीमंत होतो, तेही तेच आहे. म्हणून हा प्रश्न कलारसिकांचा आहे, आपला नव्हे, असे समजून आपल्या कार्यकर्त्यांनी पान उलटू नये. वाट्याचा प्रश्न हा मजुरीचाच प्रश्न आहे. फक्त मजुरी थकलेली आहे ती बापाची, आणि मागणारा मुलगा आहे.

यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ५३-अ कलम एका नावाच्या कलावंताला ओळखते. वारली चित्र शतकानुशतके बायकांनी काढले आणि एकीनेही खाली सही केली नाही. जिव्या सोमा मशे यांच्या प्रतिभेला यत्किंचितही उणेपणा न आणता म्हणता येईल की, बायकांची कला बाजारात आली तेव्हा नाव पुरुषाचे झाले; कागद पुरुषाच्या हातात दिला गेला, शहरात जाणारी गाडी त्यानेच पकडली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. ती डहाणू भागातील आदिवासी तरुणांच्या संस्थेच्या खटपटीमुळे, ही अभिमानाची गोष्ट होय. पण निर्देशांक नावाची राखण करतो. जुन्या चित्राच्या पुनर्विक्रीतून तो एक पैसाही पाड्यावर आणत नाही. ज्या चित्रांचा कर्ता नावाने ठाऊक आहे तेथे वाटा वारसांना, आणि जेथे सूचिपत्रात ‘पारंपरिक’ किंवा ‘अज्ञात’ लिहिले आहे तेथे तो जिल्ह्यातील चित्रकार स्त्रियांच्या सामाईक निधीला, असे नियमांतच घातले पाहिजे, असे माझे मत आहे. याचा एक आडफायदाही होईल : ‘अज्ञात’ लिहून मोकळे होण्याचा मोह कमी होईल.

दिल्लीचा दृष्टिकोन कसा आहे, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली दिवंगत कलावंतांच्या कृती ‘कलानिधी’ म्हणून जाहीर करता येतात आणि मग त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अशा कलावंतांची संख्या नऊ. रविवर्मा, अमृता शेरगिल, ठाकूर घराण्यातील तिघे, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी, निकोलस रोरिक आणि जामिनी रॉय. जामिनीबाबूंनी बंगालच्या पटचित्रकारांकडून रेषा घेतली, ते राष्ट्राचे धन ठरले. ज्यांच्याकडून घेतली त्यांच्यातला एकही या यादीत नाही. मशे यांना त्या यादीत घालावे, असा माझा आग्रह नाही. निर्यातबंदीने किंमत पडते आणि तिची झळ आज चित्रे जवळ असलेल्या गरीब कुटुंबाला बसते. मात्र यादी वाचताना मनात जे यावयाचे ते येतेच.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. मुख्यालयाच्या प्रशस्त इमारती उभ्या राहिल्या. रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर, पुलांच्या खांबांवर, तारापूरच्या कारखान्यांच्या भेटकॅलेंडरांवर वारली आकृत्या नाचत आहेत; हे रंगकाम कंत्राटाने, चौरस फुटाच्या दराने होते. पण पालघर किंवा बोईसरच्या शाळेतल्या मुलीला आपल्या जिल्ह्याच्या या चित्रकाराची मूळ रेघ जवळून पाहावयाची असेल, तर मुख्यालयाच्या गावात त्यासाठी एकही सार्वजनिक दालन नाही. तिने दिल्लीला जावे किंवा जपानला. चित्र उसने मिळण्यासाठी आधी ते कोरड्या, सुरक्षित जागी टांगण्याची सोय लागते. ती नसल्यामुळे आपला जिल्हा उसने मागण्याच्याही लायकीचा राहिलेला नाही. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांना सामाजिक जबाबदारीचा निधी कायद्याने खर्चावा लागतो. भिंती रंगवण्याऐवजी त्यातून अशी एक इमारत झाली, तर परदेशातील संग्राहकांकडेही सन्मानाने मागणी करता येईल की, वर्षातून चार महिने ही चित्रे आपल्या गावी येऊ द्या. पेर्द्रिओल यांच्यासारख्या, कलावंतांवर मनापासून प्रेम करणाऱ्या संग्राहकांनी ती नाकारावी असे मला वाटत नाही. जिल्हा परिषदेतील आपल्या सदस्यांनी हा ठराव मांडावा. ५३-अ च्या अंमलबजावणीसाठी आपल्या आमदार-खासदारांनी प्रश्न विचारावेत.

असो. माझ्या तक्त्याचे काय झाले ते सांगावयाचे राहिले.

‘पारंपरिक’ या शब्दावर काट मारण्यापूर्वी खात्री करावी म्हणून मी त्या पाड्यावर गेलो. चित्रकार वारून बरीच वर्षे झाली होती. त्याचा मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे; पहाटेची गाडी पकडतो, रात्री येतो. सून एका व्यापाऱ्यासाठी कापडी पिशव्यांवर नाचणाऱ्या आकृत्या काढते, नगाप्रमाणे. साठ हजारांचा आकडा मी सांगितला तेव्हा मुलगा काही बोलला नाही. विक्री झालेली नसल्यामुळे कायद्याने मी त्याचे काही लागत नाही, हेही मी सांगितले. तेही त्याने ऐकून घेतले. मग त्याने एवढेच विचारले की, चित्र जाण्यापूर्वी आईला ते एकदा बघता येईल काय.

पुढच्या रविवारी दोघे माझ्या घरी आले. म्हातारीला आता कमी दिसते. तिने चित्र खाली उतरवून मागितले, काचेवर बोट ठेवून तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचे नाचणारे, ताडाचे झाड असे एकेक चाचपले, आणि मग बोट मध्यावरच्या चौकावर नेऊन ते थांबवले. नाचणारे त्याचे, ती म्हणाली. चौक मी काढला. चौक पुरुषाने काढायचा नसतो.

अडतीस-एकोणचाळीस वर्षे मी ते चित्र एकाच माणसाचे समजत होतो. तक्त्यातल्या सातव्या रकान्यात मी दोन नावे लिहिली आणि दुसऱ्या रकान्याखाली एक ओळ जोडली की, या चित्राची पुढेमागे विक्री झाल्यास दहावा हिस्सा या कुटुंबाचा. आठवड्याने प्रदर्शनाच्या कचेरीतून दूरध्वनी आला. बोलणारी मुलगी अदबीने सांगत होती की, संगणकात चित्रकाराच्या जागी एकच नाव मावते, आणि विक्रीबाबतच्या ओळीसाठी रकाना नाही. दोनांपैकी कोणते ठेवू, असे तिने विचारले. दोन्ही मावेपर्यंत चित्र माझ्याकडेच राहील, असे मी तिला कळवले आहे.